मशीन घेण्याआधी हृदय तपासा : सेंट्रल स्लीप ॲप्नियाचा आढावा

घोरणारा माणूस अख्ख्या घराला कळतो. झोपेत गप्प होणारा फक्त शेजारी झोपलेल्याला कळतो, आणि तोही त्या वेळी जागा असला तर. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर भागातली बाई नवऱ्याला घेऊन डॉक्टरकडे येते तेव्हा एवढंच सांगते, "झोपेत मधीच गप्प होत्यात, मग एकदम धाप लागल्यागत करत्यात." ऐकणारा लगेच विचारतो, "घोरतात का?" उत्तर 'थोडंफार' असं आलं, की पुढचं ठरलेलं : वजन कमी करा, कुशीवर झोपा, मशीन लावा.

पुष्कळदा तो सल्ला बरोबरही असतो. झोपेत श्वास अडण्याचा सर्रास दिसणारा प्रकार घशातला आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, छाती हवा ओढायला धडपडते आणि हवा आत जात नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांना हा त्रास लक्षणांसह होता. म्हणजे डॉक्टरच्या डोक्यात तोच आधी येतो यात नवल नाही.

पण काही माणसांत घसा उघडाच असतो. वाट मोकळी, फुप्फुसं जागेवर, स्नायूंत ताकद, आणि तरीही दहा, वीस, तीस सेकंद छाती हलत नाही. कारण 'श्वास घे' हा हुकूमच मेंदूकडून सुटलेला नसतो. हा सेंट्रल स्लीप ॲप्निया. घशातल्या प्रकाराच्या मानानं तो कमी दिसतो, पण ज्यांना होतो त्यांच्यात तो बहुधा एकटा येत नाही. बरोबर अशक्त झालेलं हृदय असतं, पक्षाघात असतो, अफूजन्य वेदनाशामक असतं, नाहीतर समुद्रसपाटीपासूनची उंची असते. म्हणूनच त्याच्यावरचा उपचार नाकावरच्या मुखवट्यापासून सुरू होत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात, जिथं माणूस आज बेळगावला, उद्या कोल्हापुरात आणि परवा मिरजेत दाखवतो, तिथं ही साधी गोष्ट सगळ्यात आधी हरवते.

दोन प्रकार ओळखायचे कसे, ते झोपेच्या तपासणीचा कागद समोर ठेवला की लख्ख दिसतं. रात्रभर नाकापाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी असते, छातीभोवती एक पट्टा, पोटाभोवती दुसरा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. पूर्ण तपासणीत डोक्याला मेंदूच्या लहरींच्या ताराही. घशातल्या प्रकारात नाकाची रेघ सपाट होते, पण छाती-पोटाच्या रेघा नाचतच राहतात, बऱ्याचदा एकमेकींच्या उलट दिशेनं. सेंट्रल प्रकारात तिन्ही रेघा एकदमच सपाट होतात. मग पहिला श्वास अगदी उथळ, दुसरा जरा मोठा, पुढचा आणखी मोठा, असं चढत चढत शिखर येतं आणि तिथून पुन्हा उतरत उतरत सगळं शांत होतं. ऑक्सिजनची रेघ मात्र या सगळ्याच्या मागून चालते. श्वास सुरू होऊन बराच वेळ झाला तरी ती खालीच जात असते आणि मग वर येते. हे मागे राहणं किती सेकंदांचं आहे त्यावरून जाणता डॉक्टर हृदयाच्या ताकदीचा अदमास बांधतो.

दहा सेकंदांचा किंवा त्याहून लांब थांबा मोजायचा, तासाला असे किती येतात ते काढायचं आणि त्यांतले निम्म्याहून जास्त सेंट्रल असले की निदान त्या बाजूला झुकतं. हे पट्ट्यांशिवाय होत नाही. मनगटावरचं घड्याळ किंवा बोटाचा ऑक्सिमीटर रात्री ऑक्सिजन उतरला एवढंच सांगतो. तो घशामुळं उतरला की मेंदूच्या मौनामुळं, हे त्याला कळायची सोय नाही. घरी नेऊन लावायच्या छोट्या तपासण्यांत पट्टा असेल तर अंदाज येतो, पण हृदय अशक्त असलेल्या माणसाची तपासणी शक्यतो प्रयोगशाळेतच, तंत्रज्ञाच्या नजरेखाली व्हावी असं मला वाटतं.

या चढत्या-उतरत्या श्वासाची नोंद दोनशे वर्षांहून जुनी आहे. डब्लिनमधल्या जॉन चेन यांनी १८१८ साली एका साठीच्या रुग्णाचं वर्णन लिहिलं : पाव मिनिट श्वास पूर्ण बंद, मग हळूहळू वाढत जाणारा, मग ओसरणारा, आणि हे अख्खं आवर्तन साधारण मिनिटभराचं. १८५४ मध्ये त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्स यांनी हृदयविकाराशी त्याचा संबंध जोडला. आजही त्याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. हातात घड्याळ आणि समोर रुग्ण, एवढ्याच साहित्यावर त्यांनी जे टिपलं त्याचं कारण कळायला पुढची दीडशे वर्षं गेली.

कारण असं. जागेपणी आपण बोलतो, हसतो, उसासे टाकतो. श्वासाला जागेपणाचाच एक आधार असतो. झोप लागली की तो आधार सुटतो आणि श्वास जवळजवळ सगळा रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवर चालतो. पातळी वाढली की मेंदूच्या तळाशी आणि मानेतल्या रोहिणीपाशी असलेल्या संवेदक पेशी ओरडतात, श्वास वाढतो. पातळी घटली की श्वास मंदावतो. आणि एका विशिष्ट रेषेखाली ती गेली की श्वास थांबतो. निरोगी माणसातही झोपेतली नेहमीची पातळी आणि ही थांबण्याची रेषा यांत पाऱ्याच्या काही मिलिमीटरचंच अंतर असतं. एरवी ते पुरतं. पण काही कारणानं माणूस मुळातच जोरजोरानं श्वास घेत असला तर पातळी त्या रेषेला टेकूनच असते. मग झोपेत कूस बदलताना घेतलेला एखादा मोठा श्वाससुद्धा तिला रेषेखाली ढकलतो.

थांबा आला तरी तो आपोआप सुधारायला हवा. इथं दुसरी अडचण येते, निरोपाच्या उशिराची. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दार वर, रान खाली मैलभर. सरी भरली म्हणून वरचं दार पाडलं तरी पाटात असलेलं पाणी येतच राहतं आणि सरी फुटते. रान कोरडं पडलं म्हणून दार उघडावं तर पाणी पोचायला वेळ, आणि तेवढ्यात घाईनं दार गरजेपेक्षा जास्त उघडलेलं असतं. अशक्त हृदय रक्त सावकाश ढकलतं. फुप्फुसातलं रक्त संवेदक पेशींपर्यंत उशिरा पोचतं, मेंदूला शिळी बातमी मिळते, आणि तो प्रत्येक वेळी प्रमाणाबाहेर सुधारणा करतो. म्हणून हृदय जितकं थकलेलं तितकं आवर्तन लांब. उंच पहाडावरच्या धडधाकट जवानाचं आवर्तन वीस-तीस सेकंदांत पुरं होतं, हृदय निकामी होत आलेल्याचं पाऊण ते दीड मिनिट चालतं.

तेव्हा कारणांच्या यादीत हृदय पहिलं. हृदयाची पंप करण्याची ताकद घटलेल्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा ते चाळीस टक्के जणांत, वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांनुसार, सेंट्रल स्लीप ॲप्निया सापडतो. पुरुष, वय साठीपुढचं, हृदयाचे ठोके अनियमित (एट्रियल फिब्रिलेशन) आणि जागेपणीही रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी, या चार गोष्टी एकत्र असल्या तर संशय बळावतो. फुप्फुसांत साचलेलं पाणी तिथल्या मज्जातंतूंना डिवचतं आणि माणूस नकळत जास्त श्वास घेतो. वर सांगितलेल्या घसरणीची सुरुवात तिथून होते. उताणं झोपल्यावर त्रास वाढतो तो त्यामुळंच.

रुग्ण दिसतोही वेगळा. घशातल्या प्रकारात जाड मान, सुटलेलं पोट आणि दिवसा खुर्चीत डुलक्या. इथं पुष्कळदा माणूस बारीक असतो, घोरणं किरकोळ, दिवसा डुलक्यांपेक्षा थकवा जास्त. रात्री दीड-दोनला जीव घाबरून उठतो, खिडकीपाशी जाऊन बसतो, "झोपच लागत नाही" म्हणतो. घरच्यांना ती वयाची झोप वाटते. कुणी झोपेची गोळी आणून देतं. हृदय अशक्त असलेल्या, रात्री श्वास थांबणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय झोपेची गोळी देण्याइतका वाईट उपकार दुसरा नाही.

निपाणीच्या संदर्भात हृदयाचं बोलायचं म्हणजे तंबाखूचं बोलणं आलं. या गावाची बाजारपेठ, वखारी, विडीचे कारखाने, १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसलेले तंबाखू उत्पादक शेतकरी, हा सगळा इतिहास एका पानावर चालतो. आंदोलन भावासाठी होतं आणि ते रास्त होतं. पिकवणाऱ्याची बाजू घेताना ओढणाऱ्याच्या छातीकडं मात्र कुणी फारसं पाहिलं नाही. विडी सिगरेटपेक्षा सौम्य असते हा समज खोटा आहे. तिच्यातून निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटइतकंच, काही वेळा जास्त मिळतं. तंबाखू थेट मेंदूचा श्वास थांबवत नाही. ती हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब करते, त्यातून झटका येतो, झटक्यात स्नायूंचा तुकडा मरतो, उरलेल्या स्नायूंवर भार येऊन काही वर्षांत हृदय फुगतं, आणि मग एके रात्री श्वास चढउतार करू लागतो. ही साखळी पंधरा-वीस वर्षांची असल्यानं शेवटच्या कडीपाशी उभ्या असलेल्याला पहिली आठवत नाही.

आपल्याकडं ही साखळी लवकर पुरी होते. केरळमधल्या तिरुवनंतपुरम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत २०१३ साली दाखल झालेल्या १२०५ रुग्णांचं सरासरी वय ६१ होतं आणि ७२ टक्क्यांच्या मुळाशी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. पाश्चात्त्य देशांत हृदय निकामी होऊन दाखल होणाऱ्याचं वय याहून दहा वर्षांनी तरी जास्त असतं. लहानपणीच्या सांधेतापानं खराब झालेल्या झडपा हे आपल्याकडचं आणखी एक कारण, आता कमी झालेलं पण संपलेलं नाही.

बेळगावशी सगळ्यात जवळचं नातं असलेलं दुसरं कारण म्हणजे उंची. बेळगाव स्वतः साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्या उंचीला श्वासाचं काही होत नाही. पण मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून इथं आहे, आणि इथं घडलेली पोरं लडाखमध्ये, सियाचीनवर जातात. लेह साडेतीन हजार मीटरवर. पुढच्या चौक्या त्याहून कितीतरी वर. तिथं हवेत ऑक्सिजन कमी म्हणून शरीर जोरात श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि झोपेत श्वास थांबत-सुटत चालतो. नवा जवान रात्री दचकून उठतो, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं म्हणतो. इटालियन शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आल्प्सच्या मोंते रोझा शिखरावर झोपलेल्या माणसांत हे टिपलं होतं. भारतात १९६२ च्या युद्धानंतर सैन्य मोठ्या संख्येनं आणि घाईनं उंचावर गेलं. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९२५ जवानांच्या निरीक्षणावर लिहिलेला उंचीच्या आजाराचा लेख १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला आणि जगभरच्या पुस्तकांत गेला.

सैन्याचा इलाज शिस्तीचा आहे. पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, मग चार, मग आणखी चार, असं थांबत वर चढायचं. गरज पडली तर ॲसिटाझोलामाइड. ही गोळी मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकते, रक्त किंचित आम्लधर्मी होतं, आणि श्वास थांबण्याची रेषा खाली सरकते. मघाशी सांगितलेलं काही मिलिमीटरचं अंतर वाढतं. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यानं ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. तब्येत धड असलेल्या जवानाचा हा श्वास आजार म्हणून मोजायचं कारण नाही. खाली आला की तो जातो.

काळजी दुसऱ्यांची आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीतून दरवर्षी चारधाम, अमरनाथच्या गाड्या सुटतात. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे, अमरनाथची गुहा त्याहूनही वर. गाडीत साठी-सत्तरीची माणसं, त्यांतल्या काहींची अँजिओप्लास्टी झालेली, आणि कार्यक्रम असा की तिसऱ्या-चौथ्या दिवशी थेट वर. जवानाला सहा दिवस आणि आजोबांना एक रात्र, हा हिशेब यात्रा कंपन्यांनी एकदा तरी मांडून पाहावा.

तिसरं कारण औषधांच्या पिशवीत असतं. मॉर्फिन, फेंटानिलची पट्टी, मेथाडोन आणि त्या कुळातली इतर वेदनाशामकं मेंदूच्या श्वसनकेंद्रालाच मंद करतात. लांब काळ अशी औषधं घेणाऱ्यांत साधारण चौथ्या हिश्श्याला सेंट्रल ॲप्निया होतो, आणि त्यांचा श्वास चेन-स्टोक्ससारखा लयीत चढउतार न करता वेडावाकडा, मध्येच लांब थांबे घेत चालतो. कर्करोगाच्या रुग्णाची मॉर्फिन या भीतीनं थांबवावी असं मुळीच नाही. वेदना हाच तिथं मोठा शत्रू. पण तिच्यावर झोपेची गोळी आणि वर दारू, हे तिघं एका रात्रीत एकत्र यायला नकोत. अँजिओप्लास्टीनंतर दिल्या जाणाऱ्या टिकाग्रेलर या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या माहितीपत्रकातही आता सेंट्रल ॲप्नियाची नोंद आहे. त्या गोळीनं दम लागल्यासारखं वाटणं तर बऱ्याच जणांना होतं. ती मनानं बंद केली तर नुकताच बसवलेला स्टेंट बुजू शकतो, तेव्हा बंद न करता हृदयरोगतज्ज्ञाला सांगायचं. पर्याय असतात.

बाकीची कारणं थोडक्यात. मेंदूच्या तळाशी झालेला पक्षाघात, तिथली गाठ किंवा जन्मजात दोष, मूत्रपिंड निकामी होणं, वाढीच्या संप्रेरकाचा आजार. काहींत काहीच सापडत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास थांबतो तो मेंदू अजून कच्चा म्हणून. त्याला नवजात कक्षात कॅफीन देतात, आणि २००६ साली आलेल्या मोठ्या चाचणीनं ते औषध पक्कं केलं. अगदी विरळ मुलांत श्वासाचा स्वयंचलित भाग जन्मतःच काम करत नाही. त्यामागचं जनुक २००३ मध्ये सापडलं.

एक कारण मात्र मशीनचंच. घशातल्या ॲप्नियासाठी सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं मशीन, लावल्यावर काहींचा घसा उघडतो आणि सेंट्रल थांबे सुरू होतात. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांत हे दिसतं. यातल्या बहुतेकांत दोन-तीन महिन्यांत ते आपोआप ओसरतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात मशीन फेकून देऊ नये. पण ओसरतंय की नाही हे मशीनच्या नोंदी पाहून ठरवावं लागतं. मशीन विकून गेलेला माणूस ते पाहायला परत येत नाही.

आता उपचार. इथं गेल्या वीस वर्षांत वैद्यकाचा गर्व दोनदा उतरला आहे, आणि ती गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे.

सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे सीपॅप मशीन आणलं. घशातल्या ॲप्नियात त्यानं कमाल केली. साहजिकच प्रश्न आला, अशक्त हृदयवाल्यांच्या सेंट्रल ॲप्नियात का लावू नये? कॅनडात २५८ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २००५ मध्ये आला. थांबे कमी झाले, ऑक्सिजन सुधारला, हृदयाची ताकद थोडी वाढली. पण माणसं जास्त जगली नाहीत. पुढं त्याच आकड्यांची फेरतपासणी केली तेव्हा दिसलं की ज्यांचे थांबे मशीननं खरोखर आटोक्यात आले त्यांचं बरं चाललं होतं. म्हणजे आणखी चांगलं मशीन हवं, असा निष्कर्ष निघाला.

ते आलं. एएसव्ही नावाचं हे मशीन प्रत्येक श्वास मोजतं. श्वास कमी पडला की दाब वाढवतं, जास्त झाला की घटवतं, थांबला तर स्वतः श्वास देतं. कागदावरची चेन-स्टोक्सची डोंगररांग त्यानं सपाट झाली. डॉक्टर खूश, कंपन्या खूश. मग २०१५ साली सर्व्ह-एचएफ या चाचणीचा निकाल आला. हृदयाची पंपक्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले १३२५ रुग्ण. मशीननं थांबे छान आटोक्यात आणले, आणि तरीही मशीन लावलेल्यांत हृदयविकारानं झालेले मृत्यू जास्त होते : सुमारे ३० टक्के, मशीन नसलेल्यांत २४ टक्के. बनवणाऱ्या कंपनीनंच आधी इशारा काढला आणि जगभर अशा रुग्णांची मशीनं काढून घेण्यात आली.

असं का झालं, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. काही म्हणतात, थकलेल्या हृदयाला श्वासातली ती विश्रांतीच उपयोगी पडत असावी, आपण ती हिरावली. काही म्हणतात, छातीत वाढलेल्या दाबानं आधीच कमी असलेलं रक्ताभिसरण आणखी घटलं. काही मशीनच्या जुन्या तंत्राकडं बोट दाखवतात. ॲडव्हेंट-एचएफ या नंतरच्या चाचणीत ७३१ रुग्णांवर वेगळं, सौम्य दाबाचं एएसव्ही वापरलं गेलं. तिचे निकाल आले तेव्हा मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, कमीही झालेले दिसले नाहीत, झोप मात्र सुधारली. अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत एएसव्हीला पुन्हा जागा मिळाली आहे, पण रुग्णाशी बोलून, अनुभवी केंद्रात, लक्ष ठेवून. माझं मत विचाराल तर, पंपक्षमता ४५ टक्क्यांखाली असलेल्या माणसाला ते तालुक्याच्या गावात दुकानातून उचलून लावायचं यंत्र नव्हे.

मग करायचं काय? आधी हृदय. अशक्त हृदयाची औषधं आता चांगली आहेत : बीटा-ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, आणि मधुमेहाची म्हणून आलेली पण हृदयाला तारणारी ग्लिफ्लोझिनं. लघवीच्या गोळीनं फुप्फुसातलं पाणी उतरलं की पुष्कळांचा श्वास आपोआप सरळ होतो. ज्यांच्या हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे बेताल चालतात त्यांना तिहेरी तारांचा पेसमेकर बसवल्यावर थांबे कमी झालेले दिसले आहेत. अनियमित ठोके, खराब झडप, बंद पडलेली रक्तवाहिनी, जे दुरुस्त होईल ते आधी दुरुस्त करायचं आणि दोन-तीन महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करायची. कित्येकांना पुढं काहीच लागत नाही.

बिनखर्चाचं म्हणजे उशाकडची बाजू उंच करून किंवा कुशीवर झोपणं. ऐकायला किरकोळ, पण अशक्त हृदयवाल्यांत थांबे त्यानं कमी होतात हे मोजून दिसलेलं आहे. विडी, दारू आणि झोपेची गोळी बंद.

एवढ्यानं भागलं नाही तर सीपॅप लावून पाहतात. थांबे घटले तर ठेवायचं, नाही घटले तर हट्टानं चालवायचं नाही. अफूजन्य औषधांमुळं किंवा मेंदूच्या विकारामुळं श्वास मंद झालेल्यांना ठरावीक अंतरानं स्वतः श्वास देणारं बायपॅप लागतं. त्यात हा राखीव श्वास नसेल तर ते उलट थांबे वाढवू शकतं, आणि स्वस्त म्हणून घेतलेल्या कित्येक बायपॅपमध्ये तो नसतो. घेताना एवढं तरी विचारून घ्या. रात्रीचा ऑक्सिजन थांबे कमी करतो, पण ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साचतो त्याला नुसता ऑक्सिजन घातक. धुळीनं नाहीतर विडीनं फुप्फुसं गेलेल्या माणसाला शेजाऱ्याचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावू नये. ॲसिटाझोलामाइड पहाडाखालीही काहींना लागू पडतं. दम्याची जुनी थिओफायलिन थांबे कमी करते हे १९९६ मध्येच दाखवलं गेलंय, पण ठोके बिघडवण्याच्या तिच्या खोडीमुळं हृदयरुग्णाला ती कुणी मनापासून देत नाही. अमेरिकेत २०१७ पासून छातीत बसवायचं एक उपकरण मंजूर आहे. ते शिरेतून घातलेल्या तारेनं श्वासपटलाच्या मज्जातंतूला झोपेत चेतवतं. चाचणीत १५१ रुग्ण होते. उपकरण चालू असलेल्यांपैकी निम्म्या जणांचे थांबे निम्म्यावर आले. किंमत पाहता आपल्या भागात त्याची चर्चा सध्या वाचण्यापुरतीच.

राहता राहिला सीमाभागाचा प्रश्न, आणि तो वैद्यकाइतकाच कागदपत्रांचा आहे. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. झटका आला तेव्हा कोल्हापूर, पुढं ओळखीनं मिरज, झोपेच्या तपासणीला बेळगावचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मशीन पुण्याच्या डीलरकडून. इको एका गावात, औषधं दुसऱ्या, झोपेचा अहवाल तिसऱ्या. कुणाच्याच टेबलावर तिन्ही एकत्र नसतात. योजनांचं तसंच. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली, बातम्या झाल्या. कर्नाटकाची स्वतःची योजना आहेच. पण या सगळ्या योजना अँजिओप्लास्टी, बायपास अशा रुग्णालयातल्या उपचारांभोवती बेतलेल्या आहेत. रात्री घरी लावायच्या मशीनचा खर्च बहुधा घरालाच सोसावा लागतो. माजी सैनिकांना २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे आणि बेळगावात तिचं पॉलिक्लिनिक आहे. त्यांनी मशीनची पावती करण्याआधी तिथं विचारावं.

जुनी मशीनं हातोहात फिरतात, त्याबद्दलही. फिलिप्स कंपनीनं जून २०२१ मध्ये आतल्या फोमच्या दोषापायी आपली लाखो सीपॅप, बायपॅप यंत्रं जगभरातून परत मागवली. वारलेल्या नातेवाइकाचं, ओळखीच्याचं, ऑनलाइन स्वस्तात मिळालेलं यंत्र घेताना त्याचं मॉडेल आणि साल पाहा. दाब तर दुसऱ्या माणसासाठी लावलेला असतोच.

ज्यांच्या घरात असा झोपेत गप्प होणारा माणूस आहे त्यांनी दोन-तीन कामं याच आठवड्यात करावीत. रात्री तो झोपल्यावर दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढावा, छाती दिसेल असा, पांघरूण बाजूला करून. डॉक्टरला तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो. घरातल्या सगळ्या गोळ्या, दुखण्याच्या आणि झोपेच्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. आणि मशीनचा विषय कुणी काढायच्या आधी हृदयाचा २-डी इको झालाय का, पंपक्षमता किती टक्के आहे, हे विचारावं. तो आकडा न पाहता जो मशीन सुचवतो त्याच्याकडून ते घेऊ नका.